मैदान, खिल्लार आणि स्मृती : सातारा-सांगलीतील बैलगाडी शर्यतींचा बंदीकाळ (२०१४–२०२१)

प्रस्तावना

दि. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती बेकायदेशीर ठरविल्या. दि. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींसह तात्पुरती परवानगी दिली. या साडेसात वर्षांत सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात शर्यतीच्या मैदानाविषयी एक हळवी स्मृती आकारास आली. या स्मृतीत काय जपले गेले आणि काय गळून पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रदेश आणि पशुधन

सातारा व सांगली ही आज दोन जिल्ह्यांची नावे असली तरी या विषयापुरता तो एकच प्रदेश मानावा लागतो. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. आटपाडी महाल तर त्यापूर्वी औंध संस्थानचा भाग होता. माण, खटाव व आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. कमी पाऊस, माळरान आणि कडबा यांवर तग धरणारा, काटक व चपळ खिल्लार बैल हे या पट्ट्याचे मुख्य पशुधन होय.

खिल्लार ही कामाची जात आहे. तिची गाय दूध बेताचेच देते. त्यामुळे गोऱ्ह्याला मिळणारी किंमत हाच खिल्लार गाय सांभाळण्यामागील आर्थिक आधार होता. खरसुंडीची पौष यात्रा किंवा पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा यांत देवदर्शनाइतकेच महत्त्व जनावरांच्या बाजाराला होते. नांगरट, मोट आणि वाहतूक ही बैलाची तीन कामे. विजेच्या पंपाने मोट थांबविली, ट्रॅक्टरने नांगरट घेतली आणि मालमोटारीने वाहतूक नेली. त्यानंतर वेगवान खोंडाला चांगली किंमत मिळवून देणारे प्रमुख ठिकाण म्हणून शर्यतीचे मैदान उरले. मैदान बंद झाल्याचा आघात केवळ करमणुकीवरील नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

मैदानाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील बैलगाडा चढाच्या घाटात पळतो. सातारा-सांगलीकडील शर्यत मात्र सपाट रानात होते. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपले जातात, प्रत्येक गाडीला स्वतंत्र चाकोरी असते आणि गट, उपांत्य व अंतिम अशा फेऱ्यांतून विजेता ठरतो. शर्यतीच्या आयोजनालाच येथे 'मैदान' म्हणतात. हा शब्द कुस्तीतही रूढ आहे. 'हिंदकेसरी' हा किताबही दोन्हीकडे दिला जातो. पैलवानाप्रमाणेच बैलाला खुराक, सराव आणि नाव असते, ही लोकधारणा या समान परिभाषेतून व्यक्त होते.

येथे घोड्यांच्या शर्यतीशी तुलना उद्बोधक ठरते. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासून एका जागी उभे आहे. त्याला प्रेक्षागृह, क्लब आणि दप्तर आहे. माणदेशातील मैदान म्हणजे पीक निघाल्यावर मोकळे झालेले रान. शर्यत संपली की तेथे पुन्हा कुळव चालतो. असे मैदान बंद पडते तेव्हा मागे कोणतीही वास्तू राहत नाही. त्याची आठवण बैलांच्या नावांत, भिंतीवरील छायाचित्रांत, जपून ठेवलेल्या ढालींत आणि पारावरच्या बोलण्यातच टिकते. बंदीकाळातील स्मृती इतकी उत्कट होण्याचे एक कारण येथे सापडते.

बंदीचा कालखंड

बंदीची प्रक्रिया २०१४ पूर्वीच सुरू झाली होती. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या आधारे ज्या प्राण्यांच्या खेळांवर बंदी आहे त्यांच्या यादीत केंद्र शासनाने जुलै २०११ मध्ये बैलाचा समावेश केला. २०१४ च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने काढलेल्या सवलतीच्या अधिसूचनेला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये हा प्रश्न घटनापीठाकडे सोपविण्यात आला.

घोडा पळतो तर बैल का नाही, हा या काळात वारंवार विचारला गेलेला प्रश्न होय. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यामुळे बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी अहवाल तयार करून घेण्याची वेळ राज्य शासनावर आली. पिढ्यान्‌पिढ्या जे गृहीत धरले होते ते शास्त्राच्या भाषेत सिद्ध करण्याची ही वेळ बैलधारकांना अपमानास्पद वाटली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे येथे प्रशासनाने संचारबंदी लागू केली असतानाही पहाटे शर्यत घेण्यात आली. त्या प्रसंगाला राजकीय नेतृत्व होते, हे खरे. तथापि त्यामागील लोकभावना राजकारणाने निर्माण केली नव्हती, तिचा उपयोग केला होता.

दुसरीकडे, मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. शेतीत काम नाही, मैदान नाही आणि विक्रीचा शेवटचा मार्गही बंद, अशा पेचात बैल पाळणे ही केवळ हौसेची किंवा निष्ठेची बाब ठरली.

स्मृती आणि वास्तव

बंदीकाळातील आठवणींत मैदान हे बैलावरील मायेचे प्रतीक म्हणून येते. पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेला खोंड, त्याच्या विजयाने गावाला आलेला मान, एरवी एकत्र न येणाऱ्यांचे एकत्र येणे, हे सर्व खरेच होते. परंतु २०१४ च्या निकालात नोंदविलेले वास्तवही तितकेच खरे आहे. चाबूक व टोचणीचा वापर, शेपटी पिरगाळणे, भेदरलेल्या जनावराला पळविणे यांची दखल घेऊनच न्यायालयाने प्राण्यांच्या वेदनामुक्त जगण्याचा हक्क अधोरेखित केला होता. स्मृतीने माया राखली आणि टोचणी विसरली. ज्याला वेदना सांगता येत नाही त्याच्या वतीने न्यायालय बोलले, ही गोष्ट गावाला आपल्यावरील आरोप वाटली. बैलाची बाजू म्हणून तिचा विचार क्वचितच झाला.

बंदी उठल्यानंतर परतलेले मैदानही आठवणीतले नव्हते. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे आणि क्रूरतेबद्दल पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दि. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील भाळवणी येथील मैदानात विजेत्यासाठी 'थार' मोटारगाडीचे बक्षीस होते. ज्या यंत्राने बैलाला रस्त्यावरून हटविले तेच आता त्याचे बक्षीस झाले, हा विरोधाभास बोलका आहे.

समारोप

सातारा-सांगलीतील मैदानाविषयीची हळहळ केवळ भाबडी म्हणून बाजूला सारता येत नाही. शेतीतील स्थान गमावलेल्या पशूला आणि त्याच्या पालकाला समाजात उरलेली जागा हा तिचा खरा विषय होता. मात्र या हळहळीला इतिहास मानणेही योग्य नाही, कारण तिच्यात बैलाचे दुःख नोंदलेले नाही. शर्यतीच्या जोरावर मोजक्या वेगवान खोंडांना मोल येते. खिल्लार गाईला आणि सामान्य बैलाला त्यातून आपोआप संरक्षण मिळत नाही. मैदान परत मिळाले आहे. त्याच्या आठवणीत ज्या मायेचा उल्लेख वारंवार झाला ती खरी होती की नाही, हे विजयी गाडीवरील गुलालावरून ठरणार नाही. हरलेल्या आणि थकलेल्या बैलाचे मैदानानंतर काय होते, यावरून ते ठरेल.