तात्पुरती सोय, मुक्काम तीस वर्षं

सर्व्हरचं घड्याळ ठीक चाललंय का हे पाहायला मी एनटीपीक्यू नावाची कमांड वापरतो. समोर एक तक्ता येतो. त्यातल्या 'रीच' या रकान्यात 377 दिसलं की जिवाला बरं वाटतं. हा आकडा ऑक्टल आहे, बायनरीत मांडला तर सलग आठ वेळा 1. म्हणजे गेल्या आठही वेळा समोरच्या टाइम सर्व्हरने उत्तर दिलं. पण हा तक्ता येतो कुठून, हे शोधायला गेलो आणि हाती एक परिशिष्ट लागलं.

नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपी हा प्रोटोकॉल अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी घडवला. पहिला दस्तऐवज 1985 चा. प्रत्येक पॅकेटमध्ये 'मोड' सांगायला तीन बिट असतात. 3 म्हणजे वेळ विचारणारा, 4 म्हणजे सांगणारा. 6 आणि 7 यांचा वेळ सांगण्याशी संबंधच नाही. 'तुझी तब्येत कशी आहे?' असं सर्व्हरला विचारायला ते ठेवलेले. मोड 6 चं वर्णन 1992 च्या तिसऱ्या आवृत्तीत, आरएफसी 1305 च्या परिशिष्टात आहे. नाव आणि किंमत अशा जोड्या, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. तिथेच म्हटलंय की नेटवर्क सांभाळायची दुसरी व्यवस्था नसेल, तेव्हाच हे वापरा. थोडक्यात, गावाकडची पत्र्याची शेड. पक्कं घर होईपर्यंत.

मोड 7 ला तर शेडही मिळाली नाही. तो 'खासगी वापरासाठी' म्हणून सोडून दिलेला, ज्याने त्याने काय हवं ते करावं. मूळ एनटीपी सॉफ्टवेअरने त्यात 'मॉनलिस्ट' ही आज्ञा बसवली: तुझ्याशी बोललेल्या शेवटच्या 600 पर्यंत पत्त्यांची यादी दे. ॲडमिनसाठी झकास सोय. गोची अशी की हा सगळा संवाद यूडीपीवर चालतो, आणि यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता कुणी तपासत नाही. दुसऱ्याच्या पत्त्यावर कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलं मागवावीत, तसा प्रकार. छोटासा प्रश्न, आणि भलतं मोठं उत्तर भलत्याच्याच दारात. अमेरिकेच्या यूएस-सर्टने ही वाढ सुमारे 557 पट धरली. फेब्रुवारी 2014 मध्ये क्लाउडफ्लेअरच्या एका ग्राहकावर जवळजवळ 400 गिगाबिट प्रतिसेकंदाचा मारा झाला. त्यासाठी फक्त 4,529 टाइम सर्व्हर पुरले.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मॉनलिस्ट 2010 मध्येच विकासाधीन आवृत्तीतून काढलेली होती. पण त्या बदलासह स्थिर आवृत्ती, 4.2.8, आली डिसेंबर 2014 मध्ये. मारा होऊन गेल्यावर.

त्याच 2010 मध्ये एनटीपीची चौथी आवृत्ती, आरएफसी 5905, प्रमाण झाली. तिने 1305 ला कालबाह्य ठरवलं आणि ते परिशिष्ट मात्र सोबत घेतलंच नाही. देखरेखीसाठी एसएनएमपीचा वेगळा दस्तऐवज त्याच वर्षी आला. हा बेत कागदावर बरोबरच होता. प्रत्यक्षात एनटीपीक्यू मोड 6 मध्येच बोलत राहिलं, आणि त्या भाषेचं व्याकरण आता फक्त रद्द झालेल्या कागदात उरलं. नवा सर्व्हर लिहिणाऱ्याने किंवा फायरवॉलचे नियम ठरवणाऱ्याने बघायचं कुठे? भाषा चालू आहे आणि तिची जबाबदारी कुणाचीच नाही, ही अवस्था मला सदोष प्रोटोकॉलपेक्षाही वाईट वाटते. सदोष प्रोटोकॉलवर निदान बोट तरी ठेवता येतं.

अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये आयईटीएफने आरएफसी 9327 काढला. मोड 6 चे संदेश चौथ्या आवृत्तीसाठी पुन्हा नीट लिहून काढले, सुरक्षेचे धोकेही नोंदवले. वर्गवारी मात्र 'प्रमाण' नाही. शिक्का आहे 'ऐतिहासिक'. आधी मला हे हास्यास्पद वाटलं, रोज वापरातली गोष्ट वस्तुसंग्रहालयात! आता वाटतं, शिक्का प्रामाणिक आहे. काय चालू आहे ते त्यात सांगितलंय, आणि नवीन कुणी यावर बांधकाम करू नये हेही. त्याच वर्षी जुलैमध्ये एनटीपीच्या देखरेखीसाठी यांग या भाषेतला नवा आराखडाही, आरएफसी 9249, प्रमाण झाला होता.

मिल्स जानेवारी 2024 मध्ये वारले, वयाच्या 85 व्या वर्षी. ते परिशिष्ट नव्याने लिहिलं गेलेलं त्यांच्या हयातीतच, तीस वर्षांनी.