नाव चढतं, शर्त उतरत नाही

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता छेदतो. आसपासच्या कापड गिरण्यांत खानदेशातली माणसं कामाला असतात. शेत मात्र गावी, बापाच्या नावावर. मराठीत हे नाव सातबाऱ्याला लागतं, चढतं, आणि माणूस गेला की ‘कमी’ होतं. ‘आबांचं नाव कमी करून पोरांची लावायची’ एवढं म्हटलं की पुरे, जमिनीचा उल्लेखही करावा लागत नाही.

शेजारचा गुजराती शेतकरी याच कामाला वारसाई म्हणतो आणि वंशावळीऐवजी पेढीनामुं काढतो. बाकी तलाठी, खातेदार, प्रांत, सातबारा हे शब्द दोघांचेही. 1 मे 1960 पर्यंत सुरत आणि धुळे एकाच मुंबई राज्यात होते, दप्तर एकच होतं. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. दोन आकड्यांचं नाम झालं आणि दोन्ही भाषांत रुजलं. पुढे आपण मामलेदाराचा तहसीलदार केला; गुजरातने मामलतदार ठेवला, गोव्यानेही मामलेदार सोडला नाही.

जमीन सरकारने दिलेली असली की शब्दांना जास्त धार येते. भूमिहीनाला मिळालेल्या सरकारी जमिनीला गुजरातीत सांथणीची म्हणतात, आपण वाटपाची म्हणतो. शिक्का मात्र दोन्हीकडे एकच: नवी शर्त. महाराष्ट्रात 1966च्या जमीन महसूल संहितेने ‘भोगवटादार वर्ग 2’ असं नाव दिलं, तरी बोलण्यात नवी शर्तच राहिली, आणि नातवंडांच्या काळातही ती नवीच असते! शर्त मूळ अरबी. मराठीतली शर्थ आणि शर्यत ही तिचीच पोरं. भोगवटादारात भोग संस्कृत, ‘दार’ फारसी. सातबाऱ्यावर नावाच्या रकान्यात ‘मालक’ लिहीत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

अशी जमीन विकायची किंवा बक्षीसपत्राने द्यायची तर आधी परवानगी हवी, बहुधा नजराणाही. या नजराण्याचा डोळ्यांच्या नजरेशी संबंध नाही. तो अरबी ‘नज्र’ म्हणजे नवस, भेट, यातून आला. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवरही हीच शर्त असते, पण महाराष्ट्रात दहा वर्षं उलटली की आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरून ती सुटते. बाप वारल्यावर पोरांची नावं लावायला मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा, असं संहितेचं कलम 149 सांगतं. वारसाने येणं म्हणजे कोणी कोणाला देणं नव्हे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ‘दाय’ शब्दाचा अर्थ असाच लावला आहे: धन्याशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचं होतं, ते. पण नाव बदललं तरी वर्ग 2 तिथेच राहतो. बापाची जमीन येते तशी बापाची शर्तही येते.

गुजरातेत बाप असतानाच मुलांची नावं घालण्याची ‘हयातीमां हक्क दाखल’ अशी एक नोंद आहे. हयात आपलाही शब्द, पण तो पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यात जास्त भेटतो.

जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसतं: एकत्र कुटुंब मॅनेजर. तीन अक्षरांत अख्खं घर, त्यातलं एक अक्षर इंग्रजी. लहान मुलाच्या नावाखाली ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती. बहिणींसाठी असं आद्याक्षर कुणी केलं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क दिला. त्यामुळे आता वारस नोंदीत त्यांची नावं येतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र येतं. गुजरातीत या हक्कसोडीच्या नोंदीला ‘हक्क कमी’ म्हणतात. आपल्याकडे कमी होतं ते मयताचं नाव. तिकडे जिवंत बहिणीचा हक्क.