जिभेवरची गाठ आणि तिचे चुकलेले कूळ

१/ ठाणे, डोंबिवली, कल्याण येथून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मनात एकच प्रश्न असतो : जिभेवरची ही गाठ कर्करोगाची तर नाही? या भीतीला इतिहास आहे. तिला अपवाद ठरणाऱ्या एका दुर्मीळ गाठीलाही आहे.

२/ टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या समाजात ही भीती निराधार नव्हती.

३/ परंतु जिभेवरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशी थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. या आवरणातून उद्भवणाऱ्या सौम्य गाठींचे वर्णन व्हेरोकाय यांनी १९१० मध्ये प्राग येथून केले. आज त्यांना ‘श्वानोमा’ म्हणतात.

४/ १९२६ साली रशियन विकृतिशास्त्रज्ञ अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी कणांनी भरलेल्या पेशींच्या गाठींचे वर्णन केले. १९२४ मध्ये लेनिन यांचे शवविच्छेदन करणारे ते हेच. या गाठी सर्वाधिक आढळतात त्या जिभेवर. जीभ स्नायूंची बनलेली. म्हणून ही गाठही स्नायूंचीच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

५/ १९४९ मध्ये फस्ट व कस्टर यांनी तिचे मूळ मज्जातंतूंत असल्याचे मांडले. पुढे एस-१०० या प्रथिनाच्या चाचणीने श्वॉन पेशींशी असलेले तिचे नाते पुष्ट झाले. स्नायूंचे कूळ मागे पडले. ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर’ हे नाव रूढ झाले.

६/ कुळाचा हा वाद केवळ पंडिती नव्हे. या गाठीवरील त्वचेचा थर कधीकधी असा वाढतो की सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब कर्करोगासारखा भासतो. बायोप्सीचा तुकडा वरवरचा घेतला, तर खालची खरी गाठ दिसतच नाही आणि सौम्य गाठीसाठी रुग्णाची जीभ अकारण अधिक कापली जाण्याचा धोका उद्भवतो.

७/ उलट चूकही तितकीच घातक. ‘साधीच गाठ असेल’ म्हणून दवडलेले महिने कर्करोगाला मिळतात. म्हणून जिभेवरची गाठ वा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. ती कोणत्या कुळातली, हे बोटाने चाचपून ठरत नाही. पुरेशा खोल बायोप्सीनेच ठरते.