तपासणीचा भार

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भोकर हें स्थानक लागतें. कल्पना करा, कीं भोकरास चढलेल्या एखाद्या तपासनिसानें दर मैलास गाडी थांबवून उतारू मोजावयाचें ठरविलें. गाडी किनवटास पोंचेपर्यंत दिवस मावळेल. त्याबद्दल एंजिनास दोष देणें न्यायाचें होईल काय?

आज्ञावलींतील चुका हुडकण्यासाठीं तिच्यावर पहारा ठेवणारी दुसरी आज्ञावली असते; तिला डिबगर म्हणतात. ‘एरवीं क्षणांत संपणारें काम डिबगर लावतांच रेंगाळतें,’ ही संगणकावर काम करणाऱ्या तरुणांची नेहमींची तक्रार. तिचा इतिहास जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे.

केंब्रिज विद्यापीठांत १९४९ च्या मे महिन्यांत ‘एडसॅक’ हा संगणक काम करूं लागला. त्याचे जनक मॉरिस विल्क्स यांच्या लवकरच ध्यानांत आलें, कीं आपल्या उर्वरित आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका शोधण्यांत जाणार. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनीं १९५१ सालीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत निबंध लिहून या शोधाची शास्त्रशुद्ध रीत मांडली. त्यांची तपासणी-आज्ञावली मूळ आज्ञावलींतील एकेक आज्ञा हातीं घेई, तिची खूण टेलिप्रिंटरवर उमटवी आणि मगच पुढें सरके. एडसॅक सेकंदास सुमारें ६०० आज्ञा पाळी. टेलिप्रिंटर मात्र ६-७ अक्षरेंच छापी. विलंब कोठें होता, हें सांगावयास नको.

दुसरी रीत ‘पोस्ट-मॉर्टेम’ची. आज्ञावली थांबल्यावर स्मृतिकोशांतील मजकूर छापून पाहावयाचा. तींत चालत्या कामास खोळंबा नसे. परंतु चूक कोणत्या क्षणीं घडली, हें तर्कानेंच ठरवावें लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ची स्मृति अवघी २०४८ शब्दांची होती. एवढ्याशा घरांत तपासनिसास जागा देणें म्हणजे यजमानास अंगणांत निजविण्यासारखेंच!

पुढें यंत्रानेंच पहाऱ्याचा कांहीं भार उचलला. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या प्रक्रियकांत चार पत्त्यांवर नजर ठेवण्याची सोय आली. त्या जागांस स्पर्श होईपर्यंत आज्ञावली पूर्ण वेगानें धांवे. पांचव्या जागेवर पहारा हवा झाला, कीं पुन्हां बहुधा एकेक आज्ञा, एकेक थांबा. सशर्त थांब्याचेंहि तसेंच. ‘दहा हजारावी फेरी आली तरच थांब’ असें सांगितलें, तरी ती अट पाहण्यासाठीं प्रत्येक फेरीस आज्ञावली थांबते व डिबगर जागा होतो. विंडोज प्रणालींत डिबगरखालीं सुरू केलेल्या आज्ञावलीस स्मृतिवाटपाची अधिक कडक तपासणीहि सोसावी लागते. आधीं आज्ञावली सुरू करून मागाहून डिबगर जोडल्यास हा भार टळतो.

म्हणून प्रथम डिबगरावांचून आज्ञावली चालवून वेळ मोजावा. ती तेव्हांहि मंद असेल, तर दोष तिचा. तसें नसेल, तर एकेक पहारा उठवून पाहावा. ज्याच्या जाण्यानें वेग परततो, तोच अपराधी. हा विवेक न ठेवतां निर्दोष आज्ञावलीची मोडतोड करणारे थोडे नाहींत. आणखी एक सावधगिरी हवी. दोन कामांच्या वेळा जुळल्या नाहींत म्हणून उद्भवणारी चूक पहारा बसतांच कधीं कधीं दिसेनाशी होते, आणि तो उठतांच परत येते. तपासणारा गाडीचा वेग तर बदलतोच, कधीं तिचा अपघातहि लपवितो. भोकरच्या आपल्या तपासनिसानें एंजिनाकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण गाडी किती वेळां थांबविली, तें आधीं मोजावें.