कांगारू मदर केअर
कांगारू मदर केअर ही अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे, दिवसाचे अनेक तास धरून ठेवण्याची शुश्रूषापद्धती आहे. कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत व संसर्गाने बाळे दगावत, म्हणून १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. या कुशीत बाळाला ऊब मिळते, स्तनपान सुकर होते व आईशी नाते जुळते. बाळाची प्रकृती स्थिरावल्यावरच ते आईकडे द्यावे, असा पूर्वी प्रघात होता. भारतासह पाच देशांतील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र जन्मल्यावर लगेच कुशीत दिलेल्या बाळांचा २८ दिवसांतील मृत्युदर १२.० टक्के, तर इतरांचा १५.७ टक्के आढळला. त्यामुळे चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. आई आजारी असल्यास वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात.