भिंतीवरचा टीव्ही, लोंबकळणाऱ्या वायरी : फोडाफोडी करण्याआधी हे वाचा

बेळगाव : नवा टीव्ही घरी आला की कंपनीचा माणूस येतो, चार भोकं पाडतो, ब्रॅकेट ठोकतो, टीव्ही अडकवतो आणि निघून जातो. मागे राहतात त्या वायरी. एक लाईटची, एक सेट-टॉप बॉक्सची, एक डिशची, एखादी साऊंडबारची. दोन-तीन फूट लोंबणाऱ्या या वायरी पाहुण्यांच्या आधी घरच्यांनाच खुपतात. मग कुणीतरी सुचवतं, "भिंत फोडून आत घालूया की!"

वायरी लपवणं अवघड नाही. मात्र कुठली भिंत फोडायची, किती खोल फोडायची आणि आत काय घालायचं हे ठरलेलं नसेल तर पैसे जातातच, शिवाय भिंत आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. बेळगाव-खानापूरपासून गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादपर्यंतच्या आपल्या वाचकांची घरं एकसारखी नाहीत. म्हणून सुरुवात भिंतीपासून करू.

आधी भिंत ओळखा

भिंतीवर बोटाने टकटक करून फारसं कळत नाही. स्विच बोर्डाचं झाकण काढलं की आतला मालमसाला दिसतो. हे काम मेन स्विच बंद करून वायरमनलाच करू द्यावं.

- भाजक्या विटांची भिंत : ९ इंची असेल तर झिरी मारायला सर्वांत सोयीची. ४.५ इंची असेल तर हात आखडता घ्यावा लागतो.
- जांभ्या चिऱ्याची भिंत : गोवा, खानापूर, चंदगड या पट्ट्यात जास्त. चिरा सच्छिद्र असतो, ड्रिल मारलं की भुगा पडतो आणि भोक सैल होतं. साधा प्लग पुढे हलायला लागतो. इथे लांब अँकर किंवा केमिकल अँकर वापरावा. नाहीतर जाड प्लायचा तुकडा सात-आठ ठिकाणी पक्का करून त्यावर ब्रॅकेट बसवावं, म्हणजे वजन वाटलं जातं.
- दगडी भिंत : ग्वाल्हेरकडच्या जुन्या वालुकाश्माच्या घरांत झिरी मारण्याच्या भानगडीत पडू नये. वरून पट्टी मारणं हेच शहाणपण.
- मातीची भिंत : जुन्या वाड्यांतल्या अशा भिंतीला टीव्ही टांगूच नये. टेबल किंवा स्टँड बरा.
- काँक्रीटची भिंत : हैदराबादसारख्या शहरांतल्या नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. त्यात लोखंडी सळ्या असतात आणि त्याच भिंती इमारतीचं वजन पेलतात. तिथे कटर लावायचा नाही.

हॉलमध्ये भिंतीतून चार-सहा इंच पुढे आलेला भाग असतो आणि टीव्ही नेमका त्यावर छान दिसेल असं पुष्कळांना वाटतं. तो भाग बहुधा कॉलम असतो. टीव्ही टांगायला कॉलमवर भोकं चालतात, पण त्यात झिरी मारून वायर घालणं म्हणजे घराच्या पायालाच हात घालणं. सळीवरचं काँक्रीट गेलं की ओल आत शिरते, सळी गंजून फुगते आणि कॉलम तडकतो. वायर कॉलमच्या शेजारच्या विटांच्या भिंतीतून न्या.

झिरी किती खोल?

विटांच्या भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको. हिशेब असा :

९ इंची म्हणजे साधारण २३० मिलिमीटर. उभी झिरी ७५ मिमीपर्यंत, आडवी ३८ मिमीपर्यंत.

४.५ इंची म्हणजे ११५ मिमी. उभी झिरी ३८ मिमीपर्यंत, आडवी जेमतेम १९ मिमी. म्हणजे या भिंतीत आडवी झिरी नकोच. उभीसुद्धा २५ मिमीच्या पाईपपुरतीच.

आडव्या झिरीने विटांचा आख्खा थर कापला जातो आणि वरचं वजन खाली उतरायला जागा उरत नाही, म्हणून तिच्यावर बंधन जास्त. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी समोरासमोर झिऱ्याही मारू नयेत. पलीकडच्या खोलीत बोर्ड कुठे आहे ते आधी बघून यावं.

झिरी हातोडी-छिन्नीने ठोकत काढण्याऐवजी कटरने दोन समांतर रेघा कापून मधला भाग काढावा. गिलावा कमी फुटतो. धूळ मात्र भयंकर उडते, तेव्हा फ्रीज, देवघर आणि जुना टीव्ही आधी झाकून घ्या.

पाईप कुठला, वायर कुठली

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो इथे. वायरमन नेहमीच्या सवयीने २५ मिमीचा पाईप गाडतो, गवंडी गिलावा करतो, रंग होतो आणि मग कळतं की एचडीएमआय केबल आतून जातच नाही. कारण तिचं डोकं. ते साधारण २० मिमी रुंद असतं आणि केबलला कारखान्यातच चिकटवलेलं असतं. २५ मिमीच्या पाईपच्या आतली जागा त्याहून जेमतेम जास्त, त्यात वळण आलं की डोकं अडकतं.

डिशची केबल मात्र बारीक पाईपातून सहज जाते. तिचा कनेक्टर केबल ओढून झाल्यावर बसवता येतो. इंटरनेटच्या केबलचंही तसंच.

म्हणून ९ इंची भिंत असेल तर टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत ५० मिमीचा एक सरळ उभा पाईप टाकावा. एचडीएमआय, डिश, इंटरनेट सगळं त्यातून जातं, आणि पाच वर्षांनी केबल बदलायची झाली तरी भिंत फोडावी लागत नाही. पाईपात नायलॉनची एक दोरी कायम सोडून ठेवा, पुढे तिला बांधून नवी केबल ओढता येते. काटकोनी एल्बो टाळा, वळण लागलंच तर लांब बेंड वापरा.

४.५ इंची भिंतीत एवढा पाईप बसत नाही. तिथे डोकं वेगळं करता येणारी बारीक ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी, नाहीतर सरळ वरून पट्टी मारावी. ऑप्टिकल केबलला दिशा असते. एक टोक बॉक्सचं, दुसरं टीव्हीचं, तसं त्यावर लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही. आणि कुठलीही केबल पाईपात घालण्याआधी बाहेर जोडून, चित्र-आवाज बघून मगच आत ओढा.

लाईटची वायर वेगळी

टीव्हीसोबत आलेली पॉवर कॉर्ड गिलाव्यात गाडायची नाही. ती उघड्यावर वापरायची वायर आहे. आत तापली, उंदराने कुरतडली, खिळा लागला तर कळायला मार्ग नाही. योग्य रीत अशी : स्विच बोर्डापासून स्वतंत्र पीव्हीसी पाईपातून १.५ स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या तीन वायरी, म्हणजे फेज, न्यूट्रल, अर्थ, टीव्हीच्या मागे न्यायच्या आणि तिथे ६ अँपियरचा सॉकेट बसवायचा. त्याचा स्विच हाताला येईल अशा जागी खाली ठेवायचा. वीज आणि सिग्नलच्या केबल एकाच पाईपात घालू नयेत. मुख्य कारण सुरक्षितता, चित्रात येणारा त्रास ही नंतरची गोष्ट.

सॉकेटची जागाही विचार करून ठरवा. भिंतीला चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटमध्ये मागे जेमतेम इंचभर फट असते. प्लग नेमका टीव्हीच्या जाड भागामागे आला तर टीव्ही नीट बसत नाही आणि प्लग वाकतो. टीव्हीचे सगळे पोर्ट कुठल्या बाजूला आहेत ते पाहून सॉकेट बाजूला सरकवा किंवा भिंतीत थोडा आत बसवा. हलणारा, फिरणारा ब्रॅकेट असेल तर केबलला सैल वळण ठेवा, नाहीतर टीव्ही फिरवताना पोर्टच तुटतो.

डिशची केबल लावताना बोटाला मुंग्या येतात, असं बरेच जण सांगतात. ते हसण्यावारी नेऊ नका. घरात अर्थिंग नसल्याची किंवा तुटल्याची ती खूण असू शकते. भिंतीचं काम निघालंच आहे तर अर्थिंग तपासून घ्या आणि मेनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नसेल तर बसवा.

भिंत न फोडता

भाड्याच्या घरात, दगडी-काँक्रीटच्या भिंतीत किंवा हात तंग असेल तेव्हा पीव्हीसीची केसिंग पट्टी हा चांगला मार्ग. टीव्हीच्या मधोमध सरळ खाली, ओळंबा लावून मारली आणि भिंतीच्या रंगाने रंगवली तर दोन फुटांवरूनही पटकन दिसत नाही. तिरकी मारली की मात्र जन्मभर डोळ्यात सलते. डबल टेप चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही, रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. तिथे बारीक स्क्रू वापरा.

दुसरा मार्ग पॅनेलचा. भिंतीपासून दोन इंच पुढे प्लाय किंवा डब्ल्यूपीसीचं पॅनेल उभं करायचं, वायरी मागून न्यायच्या. टीव्हीचं वजन मात्र पॅनेलवर नको. लांब अँकरने ते मागच्या भिंतीवर गेलं पाहिजे. मागे एक्स्टेंशन बोर्ड कोंबून ठेवू नका, पक्के सॉकेट बसवा. हवा खेळायला वर-खाली फट ठेवा आणि एक झाकण उघडता येईल असं करा.

पावसाचा भाग

बेळगाव, खानापूर, गोव्यात पश्चिमेकडची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओली होते. टीव्ही आणि कन्सील वायरिंग शक्यतो आतल्या भिंतीवर घ्या. छतावरून येणाऱ्या डिशच्या केबलला घरात शिरण्याआधी खाली एक झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागण्याआधीच टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. स्विच बंद केला म्हणून भागत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

१. सोफ्यावर बसा. डोळ्यांच्या रेषेत टीव्हीचा मध्य यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटीमीटर. ४३ इंची टीव्ही सुमारे ९६ सेंटीमीटर रुंद आणि ५४ सेंटीमीटर उंच असतो. वर्तमानपत्र तेवढं कापून भिंतीला चिकटवा, दोन दिवस बघा, मग भोकं पाडा.

२. ब्रॅकेटच्या भोकांचं अंतर टीव्हीच्या मागे मोजा. २०० बाय २००, ४०० बाय ४०० मिमी अशी मापं ठरलेली असतात.

३. वायरी फक्त उभ्या किंवा आडव्या रेषेतच न्या, तिरक्या कधीच नाही. उद्या फोटोसाठी खिळा ठोकणाऱ्याला अंदाज येतो.

४. गिलावा करण्याआधी झिरीशेजारी टेप धरून फोटो काढा आणि मोबाईलवर घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा.

५. दर गावागणिक बदलतात, म्हणून मोघम ठोक भाव घेऊ नका. झिरी किती फूट, पाईप किती (एक पाईप १० फुटी), सॉकेट किती, गिलावा-रंग कुणाकडे, असं वेगवेगळं लिहून घ्या. वायरमन आणि गवंडी यांच्यात रंगाचा खर्च हमखास लटकतो.

६. विजेचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

घराला रंग काढायचा विचार असेल तर हे काम त्याच्या आधी उरका. गिलावा नीट सुकायला वेळ द्या. ओल्या पट्ट्यावर घाईने रंग मारला की गणपतीच्या आत तिथे डाग उमटलेला दिसतो आणि लपवलेली वायर सगळ्या गावाला कळते.