कागदावरचे सूर

आपल्या गणेशोत्सवात ‘उद्या ऑर्केस्ट्रा आहे’ असे म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक, एक गायिका आणि मधूनमधून विनोद करणारा निवेदक. सुरुवात गणेशवंदनेने, मग भावगीत, मग जुनी हिंदी गाणी, कोणाची तरी तेलुगू फर्माईश आणि शेवटी कव्वाली. तीन-चार भाषा एका रात्रीत होऊन जातात आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांना हे अंगवळणी पडलेले आहे.

अलीकडे मोठ्या सभागृहांत दुसऱ्याच प्रकारचा ऑर्केस्ट्रा ऐकायला मिळतो. चार भाषांत गाणारा, रॉकपासून कर्नाटक संगीतापर्यंत सगळे मिसळणारा एखादा बँड आणि त्याच्या मागे व्हायोलिन, चेलो, बासरी, तुताऱ्या घेऊन बसलेला सिंफनी वाद्यवृंद. आपली मुले तिकिटे काढून जातात आणि ‘असे पहिल्यांदाच झाले’ म्हणत परततात. त्यांच्या आनंदावर विरजण घालायचे नाही. मात्र ‘पहिल्यांदाच’ या शब्दामागे एक जुना इतिहास आहे. त्याचा एक धागा आपल्या शहरातून जातो, दुसरा गोव्यातून.

आधी अडचण समजून घेऊ. आपले संगीत एका स्वरमालेचे. गायक ‘सा’ लावतो, राग उलगडत जातो आणि साथीदार त्याच्या मागून जातात. सगळे कानाने आणि स्मरणाने चालते. सिंफनीत साठ-सत्तर माणसे एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवतात. कोणी कुठे थांबायचे, कोणी किती हळू वाजवायचे, हे प्रत्येकाच्या पुढच्या कागदावर लिहिलेले असते. कागद नसेल तर वाद्यवृंद नाही.

लिहिण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या बंदिशी मिळवून, स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. या कामी त्यांना हैदराबादच्या अप्पा तुलसी यांच्या संस्कृत ग्रंथांचा आधार मिळाला. रागलक्षणे सांगताना त्यांनी अप्पांचे श्लोक आवर्जून दिले आहेत. पण ही स्वरलिपी एका गळ्याची. साठ जणांचे साठ पदर एका पानावर मांडणारी पाश्चात्त्य पद्धत वेगळी.

ती पद्धत आपल्या बाजूला पक्की ठाऊक होती गोव्याच्या ख्रिस्ती वादकांना. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखनही शिकवत. पुढे हे वादक मुंबईला आले, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागले आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरले. संगीतकार चाल बांधे, हे लोक तिला वाद्यांचे अंगरखे शिवत.

इथे हैदराबादचा धागा येतो. शंकर-जयकिशन या जोडीतल्या शंकर यांचे लहानपण हैदराबादेत गेले. तेलुगू आणि दखनी त्यांच्या कानावर पडलेली होती. पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवणारा हा तरुण १९४९ साली ‘बरसात’चा संगीतकार झाला. १९५५ च्या ‘श्री ४२०’ मधल्या एका गाण्याचा मुखडा तर चक्क तेलुगूत आहे. ते गाणे कोणते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. ही जोडी काम करत असे ती खोली डोळ्यांपुढे आणा. शंकर हैदराबादचे, जयकिशन गुजरातचे. गीते लिहिणारे शैलेंद्र आणि हसरत जयपुरी, एक हिंदीच्या वळणाचा, दुसरा उर्दूच्या. तालाची बाजू सांभाळायला दत्ताराम वाडकर, ज्यांचा ‘दत्ताराम ठेका’ आजही ढोलकीवाले त्याच नावाने ओळखतात. आणि व्हायोलिनांचा ताफा कागदावर उतरवायला गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा. बहुभाषिक बँड आणि वाद्यवृंद यांचा मेळ म्हणतात तो दुसरा काय असतो? १९६८ मध्ये याच जोडीने ‘रागा-जॅझ स्टाईल’ ही तबकडी काढली. तीत रईस खाँ यांची सतार आणि सॅक्सोफोन-ट्रम्पेट अकरा रागांवर एकत्र वाजतात.

या सगळ्यात एक खोट होती. पडद्यावर आणि तबकडीवर संगीतकाराचे नाव येई, गायकाचे येई. सूर कागदावर उतरवणारा माणूस बहुधा दिसत नसे.

हा माणूस एकदा पडद्यापुढे आला. त्याचे नाव अँथनी गोन्साल्विस. १९२७ साली गोव्यातल्या माजोर्डा गावी जन्म. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे शिक्षक. १९४३ मध्ये मुंबईला येऊन नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागलेला हा मुलगा पुढे नामांकित संयोजक आणि शिक्षक झाला. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागांची ओढ लागली होती. राग चित्रपटाच्या तीन मिनिटांत न कोंबता पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहायचा, हा त्यांचा ध्यास.

हे किती अवघड, याचे एक उदाहरण पुरे. पाश्चात्त्य संगीतात सर्वांत साधा स्वरगुच्छ म्हणजे सा-ग-प एकदम वाजवणे. आता सारंग घ्या. त्यात गंधार सहसा वर्ज्य. म्हणजे पहिलाच गुच्छ वाजवला की राग मोडला! सगळा मेळ उरलेल्या स्वरांतून नव्याने रचावा लागतो. गोन्साल्विस यांनी वाद्यवृंदासाठी रचना केली ती याच सारंगात. ‘सोनाटिना इंडियाना’ हीही त्यांचीच रचना.

१९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केला. शंभरावर वादक, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद नवा नव्हता. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला होता. नवे हे होते की वाद्यवृंद पश्चिमेचा आणि त्याच्यापुढचा कागद आपल्या रागांचा. एरवी गायकांच्या मागे राहणारा संयोजक त्या दिवशी स्वतःच्या रचना घेऊन उभा होता.

शंभर माणसांचा ताफा कायम सांभाळायला राजाश्रय लागतो, नाहीतर भक्कम संस्था. दोन्ही नव्हते. १९६५ मध्ये गोन्साल्विस शिष्यवृत्तीवर अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत न रमता माजोर्ड्यात शांतपणे राहिले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येत स्वतःचे नाव सांगतो, त्या गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव घातले. साऱ्या देशाने ते नाव गुणगुणले आणि ते खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना कळले. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे आपले भाग्य. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस गेले.

त्यांनी पाहिलेले स्वप्न हळूहळू वाटेवर आले. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. २०१५ मध्ये याच वाद्यवृंदाबरोबर उस्ताद झाकिर हुसेन यांनी तबल्यासाठी रचलेली ‘पेशकार’ वाजवली. साथीचे वाद्य मुख्य झाले आणि सिंफनीने त्याला साथ केली. पुढच्याच वर्षी ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेतल्या सोनीच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि करमाळ्याच्या मातीतली गाणी त्यावर चढवली. त्या चित्रपटातली आर्ची आणि परश्या पळून येतात ते आपल्याच हैदराबादेत, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत. गाणी आणि माणसे दोन्ही सीमा ओलांडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मी सरकारी नोकर आहे. फाइलवर जे चढत नाही ते घडलेच नाही, असे आमच्या खात्यात मानतात. म्हणूनच हा इतिहास वाचताना मला आपलीच आठवण झाली. मंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळल्या. देणगीदारांची नावे रकमेसह आहेत. गायकांची नावे ठळक अक्षरांत आहेत. आणि खाली एक ओळ: ‘साथीला स्थानिक वादक’. त्यांत आमच्या लहानपणी दर वर्षी येणारे एक हार्मोनियमवाले काका होते. मराठी अभंग आणि तेलुगू भजन एकाच बैठकीत वाजवायचे. त्यांचे पूर्ण नाव आज मला कोणाला विचारून मिळाले नाही.

सिंफनीने जगाला शिकवलेली एक गोष्ट मंडपातही आणता येईल. प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद असतो आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव असते, अगदी दोनदाच झांज वाजवणाऱ्याचेही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ‘स्थानिक वादक’ ही ओळ नको. त्या जागी नावे हवीत, मग ती मराठी असोत, तेलुगू असोत वा उर्दू. आणि ज्या घरांतल्या ज्येष्ठांना त्या हार्मोनियमवाल्या काकांचे नाव आठवते, त्यांनी ते विसर्जनाच्या आत मला कृपया सांगावे.

गणपती बाप्पा मोरया!